बाणगंगेला एक फेरी

“शर्यत समुद्राकाठून नको,” मनमोहन म्हणाला. “डोंगरावरून न्या.”

व्यायामशाळेच्या बैठकीत सगळे चपापले. गिरगावात मनमोहनची ख्याती अशी, की थोरल्या भावाने ‘आज एकादशी’ म्हटले, तर हा भरल्या ताटावरून उठायचा. आणि थोरला भाऊ वीरेंद्र तर अध्यक्ष म्हणून समोरच बसला होता.

“सपाट रस्त्यावर कोणीही पळेल,” मनमोहन पुढे म्हणाला. “चौपाटीवरून निघायचं, मलबार हिलची पायवाट चढायची, पलीकडच्या पायऱ्यांनी बाणगंगेवर उतरायचं. तळ्याला एक फेरी, आणि आल्या वाटेने परत.”

“मुलींची शर्यत आहे हो, मनमोहनराव,” चिटणीस म्हणाले. “झाडीतून एकट्यादुकट्या...”

“देवाचं तळं आहे. मुलींनी प्रदक्षिणा घातली तर कोण नावं ठेवणार?”

हे वीरेंद्रला पटले. तारखेवर मात्र थोडी कुरकुर झाली. त्या रविवारी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लालबागहून चौपाटीवर यायचा होता. “मोर्चा यायच्या आत बक्षिसाची ढाल देऊन घरी जाऊ,” मनमोहन म्हणाला, आणि तेही ठरले.

शर्यतीत त्याची मुलगी दुर्गा पळणार होती. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तिचा साखरपुडा होता. मुलगा दादरचा, सॉलिसिटरांच्या घरचा. स्थळ वीरेंद्रने आणले, होकारही वीरेंद्रनेच दिला. दुर्गाला ते लग्न नको होते. तिला आनंदा हवा होता.

आनंदा लालबागचा. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. व्यायामशाळेत तो मुलींना पळायला शिकवायचा. मध्यंतरी सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आला होता.

तो एकदा घरी आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. “काका, मी रीतसर मागणी घालायला आलोय,” असे त्याने मनमोहनला सांगितले. उत्तर वीरेंद्रने दिले. “आमच्या घरात गिरणीच्या भोंग्यावर कोणी उठत नाही. निघा तुम्ही.”

दुर्गाने बापाकडे पाहिले. आई नसलेल्या पोरीने आणखी कोणाकडे पाहायचे? मनमोहनने वर्तमानपत्रात तोंड खुपसले आणि आनंदा जिना उतरून जाईपर्यंत ते बाहेर काढले नाही. त्या दिवसापासून दुर्गाने बापाशी अबोला धरला. आनंदाला व्यायामशाळेतूनही काढून टाकले.

मग मुलींना शिकवणार कोण? “मी बघतो,” मनमोहन म्हणाला, तेव्हा अख्खी वाडी हसली. हा माणूस दोन जिने चढला की कठड्याला धरून उभा राहायचा. पोरीचा रुसवा काढायला बिचाऱ्याची धडपड, असे बायका म्हणाल्या, आणि ते काही खोटे नव्हते. लेकीचा अबोला त्याला खरोखर सोसवत नव्हता.

रोज पहाटे तो मुलींना घेऊन डोंगरावर जाऊ लागला. मुली पळायच्या, हा काठी टेकत मागून यायचा. वाट मात्र त्याने बारकाईने पाहिली. कुठे मुरूम निसरडा आहे, कुठे वडाच्या मुळ्या आडव्या आल्या आहेत, तळ्याच्या मागच्या अंगाला देवळांमधून कोणती बोळ कुठे निघते, सगळे त्याला तोंडपाठ झाले.

एकदा बाकीच्या मुली पुढे गेल्या आणि बापलेक तळ्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. परत येताना दुर्गाचे डोळे सुजलेले होते, पण ती बापाशी बोलत होती. वीरेंद्रने ते गॅलरीतून पाहिले आणि त्याला समाधान वाटले. आली पोरगी ताळ्यावर, असे तो बायकोला म्हणाला.

रविवारी चौपाटीवर मांडव घातला होता. मुली पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. मनमोहनने दुर्गाच्या डोक्यावर हात ठेवला.

“मागे वळून पाहिलं की पाऊल अडखळतं,” तो म्हणाला. “काहीही होवो, मागे बघायचं नाही.”

“बाबा, तुम्ही...”

“माझं काय? मी इथेच आहे.”

शिट्टी झाली आणि मुली निघाल्या. वाट चढून त्या झाडीत दिसेनाशा झाल्या. वीरेंद्र ढाल पुसत बसला. लांबून मोर्चाच्या घोषणा ऐकू येऊ लागल्या.

पहिली परत आली ती बेबी, दुर्गाची मैत्रीण. टाळ्या झाल्या, पण ती थांबलीच नाही, तशीच मांडवात घुसली.

“काका, दुर्गा पळाली!”

“अगं, पळाली ते मीही पाहिलं,” मनमोहन म्हणाला. “कितवी आली ते सांग.”

मांडवात हशा पिकला.

“तशी नाही हो काका!” बेबीला रडू फुटले. “आनंदाबरोबर पळाली. तो तळ्यामागच्या देवळात उभा होता हार घेऊन. ती फेरी सोडून आतच शिरली.”

हशा जिथल्या तिथे थांबला. वीरेंद्रच्या हातातली ढाल खाली पडली.

“तूच शिकवलंस तिला पळायला!” तो भावावर ओरडला. “भोळसट! डोळ्यांदेखत पोरगी गेली तुझ्या!”

तो धावत गाडीकडे गेला. पण रस्ता एव्हाना लालबागच्या माणसांनी भरून गेला होता. वीरेंद्र हॉर्न वाजवत राहिला आणि लोकांना वाटले, साहेब पाठिंबा देताहेत. त्यांनी आणखी जोरात घोषणा दिल्या.

मनमोहन खुर्चीत बसून होता. कोणी त्याला पाणी दिले, कोणी वारा घातला. चिटणीसांनी खांद्यावर हात ठेवला. साध्या माणसाच्याच वाट्याला हे यावे, याचे सगळ्यांना मनापासून वाईट वाटत होते. हळूहळू माणसे पांगली आणि मोर्चा बघायला रस्त्याकडे गेली. बेबी तेवढी त्याच्यापाशी मुसमुसत उभी राहिली.

“काका, मला आधी कळलं असतं ना, तर मी तुम्हाला सांगितलं असतं हो.”

मनमोहनने पेला खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिले आणि तिच्या कानाशी वाकला.

“रडू नको गं. मला एवढंच सांग, भटजी वेळेवर आले होते ना?”