सदाशिवाची शर्वरी

वंशावळ सांगणारा हेळवी चार वर्षांनी गावात आला. खोतांच्या कट्ट्यावर बसून त्यानं त्यांच्या चौदा पिढ्या एका सुरात म्हटल्या. अकरा वर्षांची शर्वरी ऐकत उभी होती. शालन आणि तिचा नवरा सदाशिव खोत यांनी तिला तीन वर्षांपूर्वी अनाथाश्रमातून आणलं होतं. गेल्या वर्षी सदाशिव वारला.

"आता नवी नावं सांगा," वही उघडत हेळवी म्हणाला.

शालनच्या थोरल्या दिरांनी आपल्या दोन नातवांची नावं सांगितली. "बास, एवढीच."

"आमची शर्वरी ऱ्हायली की, भावजी," शालन म्हणाली.

"ती आपल्या रक्ताची हाय का?"

शालन आजवर त्यांच्यापुढं कधी उलटून बोलली नव्हती. "मी तरी कुठं हाय? तरी खोतांचीच झाले न्हवं?"

दीर हेळव्याकडं वळले. म्हणाले, "लिही. आन् रफार नीट दे."

नाव लिहून झाल्यावर हेळव्यानं वंशावळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. "सदाशिवाची शर्वरी" म्हणून तो थांबला, तेव्हा शालननं डोळ्यांना पदर लावला.

शर्वरी पुढं सरकली आणि हळूच म्हणाली, "परत एकदा म्हणा की."