रविवारची गोळी

"पडल्या कशा?" ललित वकिलांनी विचारलं.

"पडलीच नाही," कुंदन म्हणाला. "ओट्याशी उभी होती. हाड आधी मोडलं, मग ती खाली आली."

सरलाबाई मुलाच्या आणि सुनेच्या मध्ये खुर्चीत बसल्या होत्या. वॉकर समोर धरला होता. कुंदननं पिशवीतून एक्स-रे काढून वकिलांच्या हातात दिला. मांडीचं हाड खडू मोडावा तसं आडवं तुटलं होतं. ऑपरेशन करून आत सळई बसवणाऱ्या सर्जननं तेव्हाच विचारलं होतं, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी घेतात का. ती गोळी हाडं वाचवते, पण वर्षानुवर्षं न थांबता घेतली तर क्वचित कुणाची मांडी अशी मोडते, असं तो म्हणाला होता. मध्ये बंद करायची असते.

तेव्हापासून कुंदनला दुसरं काही सुचत नव्हतं. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये खाडा करून तो आज इथे आला होता. भेस्तानच्या ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, त्यांना ग्राहक कोर्टात खेचायचं त्यानं ठरवलं होतं. आई सकाळपासून "जाऊ दे" म्हणत होती. त्यानं ऐकलं नाही.

नूतन मान खाली घालून बसली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिलाच सांगितलं होतं. सासूबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या आणि ही कागद घ्यायला आत थांबली होती. आता गोळी बंद करा, वर्षभरानं पुन्हा दाखवा, असं ते गुजरातीत म्हणाले. नूतननं मान हलवली. त्याच महिन्यात शेजारची म्हातारी न्हाणीघरात पडली, खुबा मोडून अंथरुणाला खिळली आणि तिच्या सुनेला काम सोडावं लागलं. नूतन साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात जात होती. उंबऱ्याबाहेरचं तेवढंच तिचं होतं. आपल्यावरही तीच पाळी येईल, या भीतीनं ती मेडिकलमधून गोळ्या आणत राहिली. डॉक्टरांकडे मात्र पुन्हा गेली नाही. सासूबाई मांडी दुखते म्हणू लागल्या, तेव्हा तिनं तेल चोळून दिलं आणि वयाचं निमित्त सांगितलं.

आता कारखाना सुटलाच होता. रोज सकाळी सासूबाईंना धरून न्हाणीघरात नेताना त्यांचं कण्हणं तिला ऐकावं लागत होतं.

"डॉक्टर कधी बंद करा म्हणाले होते?" वकिलांनी विचारलं.

"कधीच नाही," कुंदन म्हणाला. "माहीत असतं तर दिली असती का आम्ही?"

"मग केस उभी राहील. आधी त्यांना नोटीस पाठवू." वकील नूतनकडे वळले. "वहिनी, दवाखान्यात तुम्हीच जात होतात ना सोबत? तुमच्यासमोर काय बोलणं झालं?"

नूतन बोलायच्या आत सरलाबाई बोलल्या.

"नोटीस नका पाठवू, साहेब. डॉक्टर बंद कर म्हणाले होते. मीच घेत राहिले."

कुंदन आईकडे वळला.

"तू? आणि घरात बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

वकिलांनी एक्स-रे पाकिटात घालून परत केला. "मग डॉक्टरांची चूक कशी म्हणायची, कुंदनभाऊ?"

कुंदन उठला. "हातानं मोडून घेतलास पाय," तो आईला म्हणाला, आणि रिक्षा बघायला बाहेर गेला. ते शब्द नूतनला लागले.

तिनं सासूबाईंना धरून व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं. त्यांचा पाय अलगद सरळ केला आणि तशीच खाली उकिडवी बसून राहिली.

"आई, डॉक्टर मला सांगत होते. तुम्ही बाहेर होतात."

"दार उघडं होतं. बंध करी दो, एवढं गुजराती मला बी कळतं. सारी उमर सुरतेत गेली माझी."

नूतननं वर पाहिलं. म्हणजे दर रविवारी आपण पुढे केलेली गोळी या जाणूनबुजून गिळत होत्या.

"मी यांना सांगते. आत्ताच सांगते."

"सांग. पण घरी गेल्यावर, भाकर खाऊन झाल्यावर. इथे रस्त्यात नको. चिडला की गावभर ऐकू जातं त्याचं."

"आई, मी माझ्यासाठी देत होते गोळी. तुम्ही अंथरुणाला खिळाल आणि माझं काम सुटेल म्हणून. तुमच्यासाठी नाही."

"ठाऊक आहे."

"मग नको का म्हणाला नाहीत? एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतं."

रस्त्यावर कुंदननं रिक्षा थांबवली होती. तो हात करून बोलावत होता. सरलाबाईंनी उठायला सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, पण उठल्या नाहीत.

"ती गोळी घेतली की अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. मी आडवी होऊ नये म्हणून तू बसून राहायचीस माझ्यापाशी, बोलत," त्या म्हणाल्या. "बाकी आठवडाभर कोण बसतं गं?"