कडूची पारख

"पायाने चव घेते?" सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"बघा की." सुनेने काडीच्या टोकावरचा साखरपाण्याचा थेंब माशीच्या पुढच्या पायाला टेकवला. तिळाएवढी माशी, पाठीने काचेच्या पट्टीला चिकटवलेली, कालपासून उपाशी. पाय ओला झाला मात्र, तिची सोंड झटकन बाहेर आली.

"अरेच्चा! तोंडाला लागायच्या आधीच?"

"पायांवर बारीक केस असतात, बाबा. त्यांत चवीचे ग्राहक असतात. गोडाचे वेगळे, कडूचे वेगळे."

"आमच्याकडे ग्राहक म्हणजे गिऱ्हाईक."

"तसंच समजा. एक गिऱ्हाईक गोड आलं की 'आण' म्हणतं, दुसरं कडू आलं की 'ने परत' म्हणून ओरडतं."

तिने साखरपाण्यात कडू औषध मिसळलं आणि थेंब पुन्हा पायाला लावला. या वेळी सोंड जागची हलली नाही. मग तिने तोच थेंब शेजारच्या माशीला लावला. त्या माशीने मात्र आनंदाने सोंड बाहेर काढली.

"हिला काय झालं?"

"हिच्यात कडूचा तो ग्राहकच नाही. कडू विष दिलं तरी गोड म्हणून पिऊन टाकेल."

सासरे बराच वेळ त्या माशीकडे बघत राहिले. चौतीस वर्षं ते चहाच्या कंपनीत पारखीचं काम करत आले होते. एक घोट सुर्रकन ओढून चहा कुठल्या मळ्यातला, कुठल्या महिन्यातला ते सांगायचे. सुनेच्या प्रयोगशाळेत आज पहिल्यांदाच आले होते. "सहज, इकडून चाललो होतो" म्हणाले होते.

"त्यातला एक थेंब मला दे," ते मान वर न करता म्हणाले.

"काहीतरीच काय! इथलं काही तोंडात घालायचं नसतं." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, काय झालंय?"

"तापानंतर चव गेली. महिना झाला. वास येतो, रंग दिसतो, त्यावर काम रेटतोय."

तिला परवाचं जेवण आठवलं. "आईंनी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं. आम्ही सगळ्यांनी ती बाजूला सारली आणि तुम्ही परत वाढून घेतलीत."

"खारट होती होय? मला वाटलं, तुम्हाला भूक नाही."

ती हसली नाही. तेही हसले नाहीत.

"आज सकाळी हाताखालच्या बाई म्हणाल्या, हा चहा जरा कडवट लागतोय ना? मी म्हटलं, छे, उत्तम आहे. त्यांनी तसंच लिहून घेतलं. माझ्या जिभेवर विश्वास ना त्यांचा. आता तो माल पुढे जाईल."

"त्यांना फोन करा, बाबा. आत्ता."

फोन त्यांनी दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी लावला. "तो सकाळचा चहा... तुम्ही म्हणालात तेच लिहा. नाही, पुन्हा नाही चाखला. मला चवच कळत नाहीये, बाई." पलीकडून काय बोलणं झालं ते सुनेला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि रुमालाने मान पुसली.

ती त्यांना बाहेर चहाच्या खोलीत घेऊन गेली. पर्समधली डोकेदुखीची अर्धी गोळी चमच्यात चुरडली, पाण्याचे दोन थेंब घातले, कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात बुडवला.

"जीभ काढा."

शेंड्याला लावलं. "पाणी," ते म्हणाले. उजवीकडे लावलं. "पाणी." डावीकडेही पाणीच. डोळे मिटलेले, मान किंचित कलती, अगदी कामावर असल्यासारखी.

"उद्या डॉक्टरकडे जायचंच आहे," ती म्हणाली. "पण एकदा मागे बघू. तिथली नस वेगळी असते. मोठा आ करा."

कापूस जिभेच्या मुळाशी टेकला. ते हलले नाहीत. तिने मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि काडी कचऱ्याच्या डब्यावर धरली.

तेवढ्यात त्यांच्या भुवया जवळ आल्या. नाक आक्रसलं. सगळी मान मागे गेली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"बाबा? पाणी देऊ?"

त्यांनी हाताने तिला थांबवलं. जीभ टाळूवर फिरवून पाहिली.

"शी! काय घाणेरडं आहे हे," ते म्हणाले आणि पुन्हा मोठा आ केला.