आत्या वगळून

लग्नाच्या हॉलमध्ये विश्रामच्या पाठीत धपका बसला. वळून बघतो तर मागे कुणीच नाही! गर्दीत हवं ते माणूस शोधून दाखवणारा नवा चष्मा काढला, तेव्हा द्वारकाआत्या दिसली.

"मेल्या गुंड्या, मघाशी हात केला तर सरळ पुढे गेलास! दे तो चष्मा, आमच्या ह्यांना शोधते."

चष्म्यातला आपला जुना शोध पुसायचं विश्रामला सुचेपर्यंत आत्यानं चष्मा चढवून त्याला नवऱ्याचं नाव सांगितलंसुद्धा. नवरा आइस्क्रीमपाशी लगेच सापडला. पण आत्या चारचौघांत 'गुंड्या' म्हणते म्हणून विश्रामनं सकाळी भरलेला 'द्वारकाआत्या वगळा' हा रकाना चष्म्यानं इमानानं तसाच ठेवला होता.

खुशीत आत्या आरशात अंबाडा सारखा करायला वळली. आरशात हॉल होता, विश्राम होता. ती नव्हती.

तिनं हळूच चष्मा काढून त्याच्या खिशात ठेवला.

"जेवून जा हो, विश्रामराव."

पंगतीत विश्राम खाली मान घालून जेवला. 'गुंड्या' अशी हाक काही पुन्हा आली नाही.