मास्तरांची शिट्टी

ज्येष्ठांच्या व्यायामवर्गाला मास्तर आज पहिल्यांदाच आले नाहीत. “रुसले असतील,” टेलरकाका म्हणाले. काल मीच भडकून त्यांच्या गळ्यातली शिट्टी हिसकावली होती. “शिट्टी वाजली की दोन टाळ्या, म्हणजे हजर! आम्ही काय मेंढरं आहोत?” शेवटी आम्ही दोघं त्यांच्या दारी गेलो. बेल वाजवली, हाका मारल्या. आत चिडीचूप. “फिरायला गेले असतील. चला,” टेलरकाका वळले. पण मास्तरांच्या एकुलत्या चपला पायपुसण्यावर होत्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. मी पिशवीतून शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली. टेलरकाकांनी सवयीने दोन टाळ्या वाजवल्याच. “गप्प!” मी दाराला कान लावला. आतून, अगदी जमिनीलगत, आवाज आला. टाळी नव्हती, एकच तळहात फरशीवर आपटला होता. थोडं थांबून पुन्हा आपटला. “हजर आहेत!” मी किंचाळले. “तोडा दार!”