बॅनरवरची सीए

परभणीच्या टॅक्सवाल्या साहेबानं माझा बायोडाटा टेबलावर आपटला. "सीए इंटर, एक ग्रुप पास, दुसरा बाकी? आन् तुमच्या वालूरच्या स्टँडवर तुझं बॅनर काय बोंबलायलंय?" त्यानं मोबाइल पुढं धरला. फेट्यातली मी, खाली 'आमच्या गावची पहिली सीए'. शेजारी बसलेल्या माझ्या अप्पांनीच ते लावलं होतं; त्यांच्या लेखी निम्मं पास म्हणजे पासच. "पोरगी लय लाजाळू हाय साहेब," ते म्हणाले. साहेबानं बायोडाटा माझ्याकडं सरकवला. "इंटर-बिंटर खोड, नुसतं सीए लिही. ऑफिसच्या पाटीवर नाव टाकतो, उद्यापासून ये." पेन माझ्यापुढं आलं. दुसऱ्या ग्रुपच्या क्लासची फी भरायला ही नोकरी मला पाहिजेच होती. मी पेन परत सरकवलं. "अप्पा, गाव पास झालंय. मी अजून न्हाई." "मग नोकरीबी न्हाई," साहेब खेकसला. अप्पांनी बॅनरवाल्याला फोन लावला. "आदिनाथ, बॅनर उतरव. पोरगी शिकायलीय अजून."