शंभर टक्के बंद

नव्या फ्लूची साथ आली आणि कोणीही घराबाहेर पडायचं नाही, असा हुकूम निघाला. आठव्या दिवशी आरोग्य खात्याचे साहेब जीप घेऊन गोरेगाव नावाच्या खेड्याजवळच्या एका तांड्यावर पाहणीला आले. चौसष्ट घरं, पण वाटेवर एक माणूस नाही. साहेबांना भरून आलं.

"याला म्हणतात शिस्त," ते ड्रायव्हरला म्हणाले आणि मोबाईल काढून फोटो घेऊ लागले.

शेवटच्या घराच्या ओट्यावर म्हातारी भिकाबाई गोधडी पांघरून बसली होती. तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाली, "कुलपं हायेत साहेब दारांना. समदे ऊस तोडाया कारखान्याला गेलेत. दिवाळी झाली तवाच. आता उन्हाळ्यातच येतील."

"कुठं का असेनात. इथं बाहेर कोणी फिरून नाही राहिलं ना? मला तेवढंच लिहायचंय."

"फिरायला हाय कोण? पर साहेब, मला..."

"आजी, तुम्ही काहून बाहेर बसलात? एवढ्या तांड्यात तुम्ही एकट्याच फोटोत येऊन राहिल्या. आत व्हा बरं."

भिकाबाई भिंतीला धरून उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. साहेबांनी फोटो काढला, 'शंभर टक्के' असं लिहिलं आणि जीप निघून गेली.

तीन दिवसांपूर्वी तिनं तापाचं सांगायला दवाखान्यात फोन लावला होता. तेव्हा तिकडून सांगितलं होतं, "बाहेरच बसून राहा, म्हणजे आमची गाडी आली की दिसाल."